बेचाळीस छाती

डायलिसिसच्या खोलीत खिडकीकडची खाट शिंप्याची आणि तिच्या शेजारची रिटायर झालेल्या बस ड्रायव्हरची. आठवड्यातून तीनदा दोघांचं रक्त शेजारशेजारच्या मशिनींत धुऊन निघायचं, त्यामुळे दोस्ती टाळायची सोयच नव्हती.

दोन महिन्यांपासून शिंप्याच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगत होते. आधी आधी तो ते कापडावरून चिमटीनं उचलायला जायचा. मग टेपवरचे आकडे मुंग्यांसारखे पांगायला लागले. "डोळे दाखवले का?" सिस्टर दर खेपेला विचारायची. "डोळ्यांना काय धाड भरलीय?" म्हणून तो दर खेपेला थाप मारायचा. न दिसणाऱ्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार?

अशात ड्रायव्हरनं लेकीच्या लग्नासाठी शर्ट शिवायला टाकला. शिंप्यानं खाटेपाशीच माप घेतलं. छातीला टेप गुंडाळली, पण आकडा काही दिसेना. याचे खाकी युनिफॉर्म वीस वर्षं त्यानंच शिवलेले. डोक्यात होता तो आकडा ठोकून दिला, "बेचाळीस."

"अजून बेचाळीस? म्हणजे गडी शाबूत आहे," ड्रायव्हर हरखला आणि खोलीभर सांगत सुटला.

पंधरा दिवसांनी शर्ट त्याच्या घरी पोचला. पुढच्या खेपेला तो तोच घालून आला. शर्टाचे खांदे कोपराकडे निघालेले, आत आणखी एक माणूस मावला असता.

"शिंप्याला हसू नका," तो सिस्टरला म्हणाला. "पंधरवड्यात मीच विरघळलोय. वजनकाटा अंगातल्या पाण्याला फसतो, टेप फसत नाही. लेकीला सांगितलं, लग्नाची तारीख अलीकडे घे. तेव्हापासून रडतेय पोर."

शिंप्याचे कान तापले. गप्प राहिलं तर खपून जाणार होतं. सिस्टर सुया घेऊन येईपर्यंत तो गप्प राहिलाही.

"तू नाही विरघळलास," मग तो चादरीकडे बघत म्हणाला. "मला टेप दिसलीच नव्हती. दोन महिने झाले. जुनं माप सांगितलं मी."

ड्रायव्हरनं शर्टाची सैल बाही मुठीत गोळा केली.

"दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही, शिंप्या," तो म्हणाला. "टेप काढ."

शिंप्यानं खिशातून टेप काढून त्याच्या छातीला धरली. ड्रायव्हरनं मान वाकवून आकडा वाचला, "छत्तीस. म्हण."

"छत्तीस," शिंपी पुटपुटला.

"मोठ्यानं. खोलीला बेचाळीसच ठाऊक आहे."

शिंप्यानं मोठ्यानं म्हटलं. मान वर न करताच त्यानं सिस्टरकडे डोळ्यांच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी मागितली.