एप्रिलची नोंद

भंडाऱ्यातल्या एका खासगी हृदयरोग दवाखान्यात रश्मी खोब्रागडे अकरा वर्षं नोंदी ठेवत होती. आधी रजिस्टरात, मग संगणकात. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसांची तपासणी महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी असायची. भुपेंद्र नावाचा तंत्रज्ञ नागपूरहून मशीन घेऊन यायचा, पेशंटच्या छातीवर एक चकती ठेवायचा आणि मशीनमधून कागदाची अरुंद पट्टी बाहेर पडायची. बॅटरी किती उरली, तारा नीट आहेत का, सगळं त्या पट्टीवर असायचं. ते आकडे संगणकात भरायचे, पट्टी फायलीत लावायची आणि पुढची तारीख छापून पेशंटच्या हातात द्यायची, एवढं रश्मीचं काम. तारीख संगणक स्वतःच काढायचा, बॅटरीच्या आकड्यावरून.

मार्चच्या शेवटी तिची मुलगी प्रतिक्षा गेली. एकोणीस वर्षांची होती. लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की नागपूरला न्यायचे, सलाईन लागायचं, चार-सहा दिवसांत ती घरी यायची. या वेळी आली नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि लगेचच्या गुरुवारी रश्मी कामावर गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. रजाही शिल्लक होती. नवरा धम्मदीप पोस्टात होता, त्यानं फक्त डबा भरून दिला.

त्या गुरुवारी एकोणीस पेशंट होते. रश्मीनं एकोणीस नोंदी केल्या, एकोणीस कागद छापले आणि साडेपाचला घरी गेली. त्यातला एकही चेहरा तिला पुढे आठवला नाही.

त्यानंतरचे महिने तसेच गेले. भाजीत मीठ घातलं की नाही, हे ती धम्मदीपला विचारायची. तो सांगायचा. ऊन आहे की आभाळ, हे तिला रस्त्यावरच्या माणसांच्या छत्र्या पाहून कळायचं. दवाखान्यात तिच्या कामाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

नोव्हेंबरात दवाखान्यानं ठरवलं की जुन्या पट्ट्या संगणकात चढवायच्या. त्या कागदावरची शाई वर्ष-दोन वर्षांत उडून जाते. रश्मी रोज तीस-चाळीस फायली काढायची, पट्टी सपाट करायची, स्कॅनरवर ठेवायची आणि पेशंटच्या पानाला जोडायची. जोडताना शेजारी संगणकातली नोंद दिसायची.

पुंडलिकराव, वय एकाहत्तर, गाव एकोडी, तालुका साकोली. एप्रिलच्या पट्टीवर बॅटरी सहा महिने होती. खाली निळ्या पेननं भुपेंद्रचं अक्षर: तीन महिन्यांनी बोलावणे. संगणकात बॅटरी होती दोन वर्षं आणि पुढची तारीख थेट पुढच्या एप्रिलची.

तिनं मागच्या वर्षीची नोंद उघडली. तिथेही दोन वर्षंच होतं. बाकीचे आकडेही तेच. संगणकात एक बटण होतं, मागची नोंद जशीच्या तशी उचलणारं. उचलायची आणि बदललेले आकडे तेवढे दुरुस्त करायचे, यासाठी ते होतं. तिनं उचलली होती. दुरुस्त काहीच केलं नव्हतं.

मग तिनं त्या दिवसाच्या सगळ्या एकोणीस पट्ट्या काढून ताडून पाहिल्या. आणखी पाच नोंदी तशाच उचललेल्या निघाल्या, पण त्यांत फरक पडण्यासारखं काही नव्हतं. चुकलेला हा एकच. एप्रिल ते नोव्हेंबर, तिनं बोटांवर मोजलं. छातीत काही हललं नाही.

डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. फायलीतला फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धम्मदीपला बसस्टँडवर सोडायला सांगितलं. कुठं, त्यानं विचारलं. एकोडीला, ती म्हणाली. त्यानं गाडी काढली.

साकोलीहून ऑटोनं ती एकोडीला पोहोचली तेव्हा दहा वाजले होते. धान निघालं होतं, धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक हिरवं दिसत होतं. पुंडलिकराव अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. त्यांची बायको रंभाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. ते जिवंत आहेत हे रश्मीनं पाहिलं. आता बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

रंभाबाईनं पाणी दिलं आणि आपणहून सांगायला लागली. दिवाळीच्या आधीपासून म्हातारा बोडीच्या तळ्यापर्यंतही चालत जात नव्हता. घाटावर बसून जाळं विणायचा, तेही सोडलं. दोन पायऱ्या चढला की दम लागे. वय झालं, असं सगळे म्हणत.

रश्मीला ठाऊक होतं. बॅटरी संपत आली की काही यंत्रं काम आवरतं घेतात, जेमतेम जगण्यापुरतं चालवतात. तिनं पिशवीतून पट्टी काढली, निळं अक्षर दाखवलं आणि जे झालं ते सांगितलं. तीन महिन्यांनी बोलवायचं होतं. कागदावर चुकीची तारीख गेली. बॅटरी आता संपली असेल, आजच चला.

"त्या मशीनवाल्या पोरानं तर सांगतलं होतं, तीन महिन्यानं या म्हनून," रंभाबाई म्हणाली. "पन कागदावर पुढच्या सालचा एप्रिल होता. आमी कागद मानला."

"कागद कोनं लिवला?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"मीनं."

ते उठले, भिंत धरून आत गेले आणि शर्ट बदलून आले.

दुपारी भुपेंद्र नागपूरहून मशीन घेऊन आला आणि दवाखान्यात तपासणी झाली. सप्टेंबरातच यंत्रानं बॅटरी बदलण्याची खूण दिली होती. डॉक्टर संध्याकाळी परतले, त्यांनी पुंडलिकरावांना लगेच भरती करून घेतलं आणि मंगळवारी नवं यंत्र बसवायचं ठरलं.

मंगळवारी शस्त्रक्रिया चालू असताना रंभाबाई बाहेर बाकावर एकटी होती. जेवणाच्या सुट्टीत रश्मी तिच्याजवळ जाऊन बसली. डबा उघडला, अर्धी भाकर तिला दिली. रंभाबाईनं घेतली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तुले लेकरं किती?

"एक पोरगी होती. मार्चात गेली."

प्रतिक्षा गेल्यापासून हा प्रश्न तिला नव्या माणसानं विचारला नव्हता. ओळखीचे सगळे आधीच जाणत होते. 'होती' हा शब्द तिनं पहिल्यांदाच तोंडानं काढला.

रंभाबाईनं महिने मोजले असावेत. म्हणाली, "मंग एप्रिलात कायले आली होती तू कामावर?"

"घरी बसून मी काय करती?"

रंभाबाईनं माफ केलं असंही नाही, ती रागावलीही नाही. उरलेली भाकर तिनं पदरात बांधून ठेवली, नवरा शुद्धीवर आल्यावर त्याच्यासोबत खायला.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी रश्मीला बोलावून सांगितलं की पेशंट बरा आहे, त्यांची तक्रार नाही, जुन्या नोंदीला हात लावायची गरज नाही. ती हो म्हणाली आणि टेबलाशी येऊन एप्रिलचं पान उघडलं. जुनी नोंद पुसता येत नव्हती, पण तिच्याखाली दुरुस्ती जोडता येत होती. संगणकानं कारण विचारलं. यादीत टंकलेखनाची चूक, चुकीचा पेशंट, यंत्रातला बिघाड आणि इतर, एवढेच पर्याय होते. तिनं 'इतर' निवडलं आणि लिहिलं: ही नोंद त्या दिवशीची नाही. आदल्या वर्षीची उचललेली आहे. पट्टी वाचली गेली नाही. नोंद करणारी रश्मी खोब्रागडे. का वाचली गेली नाही ते तिनं लिहिलं नाही.

ती दुरुस्ती व्यवस्थापनाच्या नजरेला आली. तिला खुलासा मागणारं पत्र मिळालं, तिनं दोन ओळींत उत्तर दिलं. पेसमेकरच्या पानावरून मागची नोंद उचलणारं ते बटण काढण्यात आलं. रश्मीची बदली केसपेपरच्या खिडकीवर झाली. नाव, वय, गाव विचारायचं, कागद द्यायचा. जागा बदलल्याचं तिला वाईट वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही.

जानेवारीत एका गुरुवारी पुंडलिकराव खिडकीशी आले. बसस्टँडपासून चालत आले होते. तिनं सवयीनं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. वय विचारलं, त्यांनी सांगितलं. गाव तिनं विचारलं नाही, लिहिलं.

कागद हातात आल्यावर ते बाजूला झाले नाहीत. वरपासून खालपर्यंत त्यांनी तो बोट फिरवत वाचला. मागची रांग थांबून राहिली. रश्मीही थांबली.