गोधडीखालचं मशीन

माझ्या शेजारच्या झरीनाभाभी जव्हारात ब्लाउज शिवायच्या. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या बायका सकाळी कापड टाकायच्या आणि संध्याकाळच्या एसटीआधी ब्लाउज घेऊन जायच्या. नवरा गेल्यावर भाभींना हे शिलाई मशीन सरकारी योजनेतून मिळालेलं. २००२ साली दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आला, आणि मशीन दिसलं तर पिवळं रेशनकार्ड जाईल, असं गल्लीत कुणीतरी सांगितलं. गरीब म्हणून ज्यांनी मशीन दिलं, तेच आता मशीन आहे म्हणून गरीब नाही म्हणणार होते. शेवटी आम्ही दोघींनी मशीन माझ्या स्वयंपाकघरात आणून वर गोधडी टाकली. तरी भाभी घरी जाऊन जमिनीवरचे दोरे वेचत बसल्या.

दुपारी सर्व्हेचे गुरुजी भाभींकडे आले, तेव्हा मी तिथेच बसले होते.

"घरात शिलाई मशीन?"

"नाही," भाभी म्हणाल्या.

गुरुजींनी दुसरा कागद काढला. "योजनेचं मिळालंय, असं इथे आहे. विकलं असेल तर मला वर कळवावं लागेल."

मी उठले, घरी गेले आणि मशीन ओढत त्यांच्या दारात आणलं, गोधडीसकट.

गुरुजी ओशाळले. "अहो, लपवायचं कशाला? तुमच्या हक्काचं आहे."

"हक्काचं आहे ना? मग लिहा. कार्ड राहील?" भाभींनी विचारलं.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

"घरात पंखा आहे?"

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. पंखा फिरत होता.