खाऱ्या पाण्याची बाटली

डावा डोळा तळहाताने झाकायचा, उजवा सूक्ष्मदर्शकाला लावायचा, बाजूचं चाक दोन-तीनदा मागेपुढे फिरवायचं आणि मान वर न करताच सांगायचं, ‘‘जिती हाय, मॅडम.’’ पेशी जिवंत असल्याचा हा निर्वाळा मिळाल्याशिवाय आमच्या प्रयोगशाळेत एकाही मुलाला काचपट्टी बघायला मिळत नसे.

ते आमचे लॅब अटेंडंट. सगळं कॉलेज त्यांना काका म्हणायचं. मी मिरजेकडून नेरूळला जीवशास्त्र शिकवायला आले, पहिलीच नोकरी, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. शिक्षण चौथी. तरुणपण खाडीकाठच्या मिठागरात गेलेलं. पुढे नवं शहर आलं, मिठागर गेलं, आणि काका आमच्याकडे आले. तुमच्याही कॉलेजात असं कोणीतरी असेलच. त्यांना विषय येत नसतो, पण त्यांच्यावाचून विषय अडतो.

पेशी मात्र त्यांना पाठ होती, आपल्या पद्धतीने. पेशीभित्तिका म्हणजे भित. तिच्या आतलं पटल म्हणजे पडदा, ‘‘कोनाला आत घ्यायचा, कोनाला नाय, ते त्यो ठरवतो.’’ रिक्तिका म्हणजे पान्याची टाकी. केंद्रक म्हणजे मालक. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकलं की मालक पिवळा दिसतो, हे ते मुलांना माझ्याआधी सांगून मोकळे होत. एकदा मी फळ्यावर तंतुकणिका काढून तिचं काम समजावत होते, पेशीला लागणारी ऊर्जा इथे तयार होते वगैरे. काका दारात उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, ‘‘ती मना कवा दिसली नाय.’’

‘‘आपल्या सूक्ष्मदर्शकातून नाही दिसत, काका. फार बारीक असते.’’

‘‘दिसत नाय, मंग शिकवता कशाला?’’

याचं उत्तर बी.एड.मध्ये कोणी शिकवलेलं नव्हतं.

कॉलेज पाचला सुटे, पण काका घरी जात नसत. हायड्रिला या पाणवनस्पतीचं एक पान पाण्याच्या थेंबात ठेवून बघत बसत. त्या पानाच्या पेशीत हिरवे कण भिंतीच्या कडेकडेने हळूहळू फिरत असतात. ‘‘बगा, फेऱ्या मारतात. सकालपासून थांबले नाय.’’ मी विचारलं, घरी वाट बघत नाहीत का? ‘‘घरी कोन हाय?’’ बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा खांदेश्वरला राहायचा, म्हणजे तसा हाकेच्या अंतरावरच, पण बापलेकांचं बोलणं तुटलेलं. मीही एका अनोळखी कुटुंबाच्या घरात खोली घेऊन राहत होते. तिथे माझ्याशी फक्त गिझरबद्दल बोललं जायचं. मग मीही सहापर्यंत थांबायला लागले. आम्ही फारसं बोलत नसू. आळीपाळीने ते पान बघत असू.

आता बाटलीचं सांगते. ऱ्हिओ नावाचं जांभळ्या पाठीच्या पानांचं शोभेचं झाड असतं. त्याच्या पानाचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवला की पेशीतलं पाणी बाहेर जातं. भिंत जागेवर राहते आणि आतलं जांभळं सगळं आखडून मधे गोळा होतं. काका म्हणायचे, ‘‘घर तेवढंच, आतला मानूस आखडला.’’ साधं पाणी आणि मिठाचं पाणी, दोन्ही बाटल्या सारख्याच. काका लेबल वाचत नसत. बोटावर थेंब घ्यायचे, जिभेला लावायचे आणि बाटली बरोबर जागेवर ठेवायचे. मिठागरातली सवय. एकदा मी ते पाहिलं आणि फटकारलं, ‘‘प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, काका. एखाद दिवशी ॲसिड चाखाल.’’

‘‘बरं, मॅडम,’’ म्हणाले. आणि खरंच, पुन्हा कधी चाखलं नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी काकांनी सगळ्या टेबलांवर पापुद्रे लावले, प्रत्येक सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, ‘‘जिती हाय’’ म्हणाले. बाहेरच्या परीक्षकांनी डोळा लावला, तर एकूणएक पेशी आधीच आखडलेली. साध्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याची बाटली वापरली गेली होती. मुलांनी मीठ घालून दाखवायचं काय? एक मुलगी रडायला लागली. पापुद्रे नव्याने काढून परीक्षा तासाभराने सुरू झाली, मुलांचं नुकसान टळलं. पण प्राचार्यांनी काकांना बोलावून घेतलं. चाखायला मी मनाई केली होती, हे मी तिथे सांगायला हवं होतं. मी नवी होते, नोकरी कायम व्हायची होती.

संध्याकाळी लॅबमध्ये मी एक कोरी काचपट्टी लावली आणि म्हटलं, बघा. काकांनी डोळा झाकला, चाक फिरवलं.

‘‘जिती हाय, मॅडम.’’

मी ती काचपट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली. बोटांना ती कोरडी लागली आणि त्यांना कळलं. ‘‘दिवालीपासून नुसता धूर दिसतो,’’ ते म्हणाले. चाकाचे वेढे हाताला पाठ होते. मुलं ‘दिसलं!’ म्हणाली की झालं.

मोतीबिंदू होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं, पण घरचं माणूस आणायला सांगितलं होतं, सहीला. ‘‘मुलाला सांगा ना,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला कशाला टेन्शन?’’ एवढंच म्हणून ते काचपट्ट्या पुसत राहिले.

डोळ्यांचं कानावर गेल्यावर प्राचार्यांनी त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. जूनपर्यंत डोळे नीट झाले तर लॅब, नाहीतर उरलेली नोकरी तिथेच, खिडकी नसलेल्या त्या खोलीत.

मी म्हटलं, ‘‘सही मी करते.’’

‘‘तुमी? चालंल?’’

‘‘न चालायला काय झालं? सुट्टी लागतेय, पंधरा दिवस गावी जाऊन येते, मग जाऊ.’’

त्या दिवशी ते पाचला घरी गेले.

गावी माझ्या लग्नाची बोलणी निघाली. एक स्थळ झालं, दुसरं आलं. पंधरा दिवसांचा दीड महिना झाला. काकांची आठवण झाली नाही असं नाही, पण आठवण होणं आणि एस.टी.त बसणं यात फरक असतो.

जूनमध्ये परतले तर क्लार्क म्हणाले, ‘‘मॅडम, काका गेले. हार्ट. घरात एकटेच होते, शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. सुट्टीतपन रोज यायचे हां. मॅडम आल्या का, एवढंच विचारायचे, आन जायचे.’’

मग त्यांनी ड्रॉवरमधून हॉस्पिटलचा फॉर्म काढून दिला. काकांनी तो त्यांच्याकडूनच भरून घेतला होता आणि मी आले की द्यायला ठेवला होता. काकांचं नाव, गाव, वय. खाली जबाबदार नातेवाईक म्हणून माझं पूर्ण नाव. पुढे ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता.

‘‘इथे काय लिहू, विचारलं मी,’’ क्लार्क म्हणाले. ‘‘ते म्हणाले, तेच लिहिलं.’’

रकान्यात लिहिलं होतं : मॅडम.