पोचल्यावर जेवायचं

आईचं वजन भरल्याशिवाय तिला गावी पाठवणार नाही, असं मी भावाला ठणकावून सांगितलं होतं. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा चोळीच्या बाह्यांतून हात नुसत्या काड्यांसारखे दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी अंगावर मांस चढलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्या आजारपणाला तोंड द्यायला अंगात काही उरायचं नाही." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. भाऊ दिवसभर मेंढरांमागं, वहिनीची पोरं लहान. आईकडं कोण बघणार? ती आता कायमची माझ्याकडंच राहील, विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये, असं मी मनात ठरवूनही टाकलं. खोटं कशाला बोलू, मलाही कुणीतरी हवंच होतं. नवरा फौजेत, लांब पोस्टिंगवर. मुलगी पुण्यात शिकायला. घर खायला उठायचं.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब मांडला. वजन घेतलं, उंची घेतली, मग वय विचारलं. आई म्हणाली, "मोठ्या दुष्काळाच्या साली लगीन झालं, तवा पंदरा-सोळाची असंन." त्यावरून मीच वय काढून दिलं. मग बाई म्हणाल्या, "हालचाल किती? बैठं काम, मध्यम, की कष्टाचं?"

"कष्टाचं," मी ताडकन म्हणाले. "जन्मभर मेंढरांमागं चालल्यात त्या."

"ताई, आत्ताचं सांगा. आत्ता दिवसभर काय करतात?"

आत्ता काय करणार? गॅलरीत बसते. बाईंनी 'बैठं' लिहिलं, गुणाकार केला, वजन वाढवायचं म्हणून वर थोडं धरलं आणि सतराशे कॅलरीचा आकडा माझ्या हातात दिला. एका लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचे रिपोर्ट टाइप करते. आकडा दिला की मला तो गाठल्याशिवाय चैन पडत नाही.

झालं! फोनवर ॲप घेतलं, ओट्यावर वजनकाटा आणला. भाकरी तोलायची, डाळ तोलायची, शेंगदाण्याचा लाडू तोलायचा. ऑफिसातून चार-चार फोन. "आये, लाडू खाल्लास का? दूध?" ती "व्हय व्हय" म्हणायची आणि संध्याकाळी बघावं तर लाडू डब्यात तसाच. हुलग्याचं माडगं तिच्या जिवाभावाचं, तेही दोन घोट घेऊन वाटी खाली. नऊशेच्या वर आकडा हलेना. मी चिडायचे, हातापाया पडायचे, परत चिडायचे. रात्री कूस बदलत पडून राहायचे आणि मनातल्या मनात बेरीज चालूच.

एकदा मी ताट आपटलंच. "तुला मरायचंय का गं?"

ती शांतपणे म्हणाली, "दिसभर बूड हलवलं न्हाई. भूक लागाया काय केलं मी?"

आमच्यात हे असंच होतं. लहानपणी मेंढरांबरोबर गाव सोडून निघालो की सकाळी घोटभर चहा, आणि मग मुक्कामाला पोचल्यावरच चूल पेटायची. वाटेत भाकरीसाठी रडलं की आई म्हणायची, "आजून पोचलो न्हाई, खातीस काय?" तिच्या पोटाला तेच वळण पडलेलं. मग ठीक आहे म्हटलं, चालवते तुला.

तिला बागेत नेलं. तिथं फेऱ्या मारायला गोल रस्ता केलाय. बूट घातलेली माणसं गरागरा फिरत असतात. आईनं पदर खोचला आणि माझ्या पुढं सुटली. एक फेरी झाली तशी थांबली, इकडंतिकडं बघितलं.

"ही तर मगाचीच जागा."

"हो. अजून चार फेऱ्या मारायच्यात."

"हितंच यायाचं हुतं तर उठीवलंस कशाला?" असं म्हणून ती बाकड्यावर जी बसली ती उठेना. बूटवाले हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मी हट्टालाच पेटले. डबा भरला आणि म्हटलं, "चल, आज कुठंतरी जाऊन पोचू." सकाळच्या गारव्यात मिरजेच्या दिशेनं निघालो, थांबत, बसत, पाणी पीत. शहराच्या अलीकडं एका लिंबाखाली ती टेकली, चारी बाजूंनी नजर फिरवली आणि म्हणाली, "काढ भाकरी." दीड भाकरी खाल्ली बाईनं! वर खर्डा मागून घेतला. मला तर तिथंच रस्त्यात नाचावंसं वाटलं. येताना रिक्षानं आलो आणि मी रिक्षातच आकडा टाकला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी परत दारातून निघाले, तर ही जागची हलेना. "ही वाट झाली की. मागल्या टायमाला जितं जेवलो, तितनं निगायचं." घ्या! मग रिक्षानं त्या लिंबापर्यंत, तिथून पायी पुढं. रविवारची भूक तिला बुधवारपर्यंत पुरायची, गुरुवारी परत ताट सरकवायची. म्हणून मी गुरुवारी लॅबमध्ये दुपारची पाळी मागून घेतली. मिरज मागं पडली, तानंग गेलं. द्राक्षबागांच्या कडेनं आम्ही दोघी चालायचो, ती पुढं, मी डबा घेऊन मागं. मुक्काम तीच ठरवायची. घरी येऊन काट्यावर उभी केली की काटा थोडा पुढं सरकलेला असायचा.

भोसे आलं, दंडोबाचा डोंगर दिसायला लागला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही वाट गावाची होती. आई घरी चालली होती, आणि डबा भरून मीच तिला पोचवत होते.

त्या दिवसापासून मला कशातच लक्ष लागेना. "आये, येत्या रविवारी इस्लामपूरकडं जाऊया का?" "तिकडं माजं काय हाय?" एक रविवार मी मुद्दाम आजारी पडले. आईनं त्या आठवड्यात अर्ध्या भाकरीवर दिवस काढले, तक्रार नाही, काही नाही. काटा मागं आला. मी मुकाट्यानं गुरुवारी डबा भरला. तपासणीला नेलं तर आहारतज्ज्ञ बाई खूश! "आता मध्यम हालचाल लिहू," म्हणाल्या आणि आकडा वाढवून दिला. मला त्या पोरीचा रागच आला. काय म्हणून खूश होतीस गं तू?

कवठेमहांकाळ झालं. उन्हं तापायला लागली तशी आम्ही अंधारात पहिली एसटी धरायला लागलो. शेवटच्या रविवारी नागज फाट्यावर उतरलो आणि आमच्या वस्तीच्या वाटेला लागलो. त्या दिवशी ती इतकी झपाझप चालली की मला धाप लागली. माळावर भाऊ मेंढरं चारत होता. तिनं लांबूनच हाळी दिली, मेंढरांनी माना वर केल्या. बाभळीखाली बसून तिनं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरीचा तुकडा मोडला. हात भरले होते तिचे. बांगड्या आता कोपराकडं घसरत नव्हत्या.

मी घड्याळ बघितलं. "चल आये, गाडी चुकंल."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळी. "मी कुटं यिऊ? पोचले की मी."

मला ठाऊक होतं. तरी माझा तोल गेला. "आणि मी? मी काय करू त्या घरात? कुणासाठी भाकरी थापू?" मी लहान पोरीसारखी रडायला लागले. भाऊ बिचारा मेंढरांकडं बघत उभा राहिला.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. "ये की गं दर ऐतवारी. पर फाट्यापासनं चालत ये, वाईच भूक लागंल तुला. लय वाळलीयास."

परत फाट्यापर्यंत चालत आले. एसटीचा पत्ता नव्हता. पोटात कावळे ओरडत होते, आणि उरलेल्या भाकरीचा डबा मी तिच्यापाशीच ठेवून आले होते.