चौथा रकाना

“ताई, इथं हात लावायचा नाही,” असं म्हणून आमचे प्लॅनिंगभाई लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या एका रिकाम्या रकान्यावर आख्खा तळवा ठेवायचे. स्क्रीनवर बोटं उमटायची. मग रुमाल काढून पुसायचे, आणि कुणी परत वाकून बघितलं की परत तळवा. मी कारखान्यात क्वालिटीला. रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतोच, त्यामुळे हे वाक्य सगळ्यात जास्त मीच ऐकलंय.

सिल्वासाला आमचा धाग्याचा कारखाना. ते प्लॅनिंगला. कुठल्या लाइनवर कुठला धागा, शिफ्टला कोण, मशीन बंद पडलं तर पर्याय काय, हे सगळं त्यांच्या शीटमध्ये. माणूस जळगावकडचा, पन्नाशीला टेकलेला. अर्धी कंपनी गुजरातीत बोलते म्हणून सगळे त्यांना प्लॅनिंगभाई म्हणायचे, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी वीस बाजूंचा एक फासा असायचा. आता तुम्ही म्हणाल, पन्नाशीच्या माणसाच्या खिशात फासा कशाला? हसा, खुशाल हसा. मीही हसले होते.

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, ते माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. रविवारी दुपारी जरा आडवं व्हावं तर वरून “मेलो, मेलो!” असा ओरडा. एकदा मी तणतणत वर गेले. टेबलाभोवती आमच्याच कंपनीतली तीन माणसं बसलेली. नरोलीत खोली घेऊन राहणारे दोन फिटर, आणि जंगलाकडच्या सुरंगी गावचा देवजी, लाइन तीनवरचा ऑपरेटर.

“बरं झालं आलात, एक माणूस कमीच होता,” भाई म्हणाले.

“मी भांडायला आलेय. मला खेळबिळ येत नाही.”

“चुका काढता येतात ना? बस्स मग.”

खेळ असा की एकजण गोष्ट सांगतो. तुम्ही दरीच्या काठावर आहात, पूल तुटलाय, पलीकडून धूर येतोय, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राचं सोंग घेऊन उत्तर देतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मला त्यांनी जकातनाक्यावरची बाई केलं. मी पहिल्याच दिवशी राक्षसाकडे कागदपत्रं मागितली, आणि फासा असा पडला की त्याने ती दिली. त्यानंतरचा एकही रविवार मी चुकवला नाही.

पण भाईंचा जीव खेळापेक्षा खेळाच्या तयारीत. अशा गोष्टी रचून देणारी तयार सॉफ्टवेअरं मिळतात, ती त्यांनी वापरून पाहिली होती. “लय हुशार असतात भो,” ते म्हणायचे. “माणसं दारात पोचत नाहीत तोवर आत कोण मेलं ते लिहून मोकळी.” म्हणून त्यांनी स्वतःचं बनवलं, प्लॅनिंगच्या शीटच्याच धर्तीवर. नकाशातल्या जागेवर बोट ठेवलं की चार रकाने उघडायचे. समोर काय आहे. काय करता येईल. फसलं तर पर्याय. आणि चौथा, ‘त्यांनी काय केलं’. तो खेळाआधी भरायचाच नाही. वर ‘शिफ्ट बदल’ नावाचं एक बटण. ते दाबलं की गोष्टीत आठ तास पुढे. पहारेकरी झोपायला जाणार, नदीचं पाणी वाढणार, राजाचे शिपाई एक गाव पुढे सरकणार.

“आपण काही नाही केलं तरी जग चालूच राह्यतं, ताई. मशीन कुणासाठी थांबतं का?”

देवजीचं सांगते. कंपनीत याच्या तोंडून एकच वाक्य, “हो साहेब.” शिवी दिली तरी तेच. खेळात एकदा राजाचा अधिकारी त्याच्यापुढे उभा राहिला. तो अधिकारी म्हणजे भाईच, आवाज चढवून. म्हणाला, तोडायची झाडं दाखव. शीटमध्ये तीन पर्याय होते. दाखवायची, खोटं बोलायचं, पळून जायचं.

“मी बसून राहीन,” देवजी म्हणाला. “तिथंच. झाडाखाली.”

“ऊठ!” भाई गरजले.

“नाय उठणार.”

फासा टाकलाच नाही कुणी. भाईंनी चौथ्या रकान्यात टाइप केलं, ‘बसला. उठला नाही.’ मग ते स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले आणि चांगली पाच मिनिटं बाहेर आले नाहीत. दूध नासलं म्हणाले. दूध काही नासलं नव्हतं.

मग ती भानगड झाली. खेळाची शीट आणि कंपनीची शीट दिसायला सख्ख्या बहिणी. एका शनिवारी भाईंनी सोमवारचं प्लॅनिंग म्हणून खेळाची फाइल मेल केली. सोमवारी बी शिफ्टच्या बोर्डावर ती लागलीसुद्धा. लाइन तीनच्या ओळीत: पूल तुटलेला. पर्याय: नावाडी.

आमच्याकडे पर्यायाच्या रकान्यात फिटर किंवा वेल्डर असं लिहिलेलं असतं आणि सुपरवायझर तो माणूस मागवून घेतो. प्लॅनिंगच्या शीटला उलट प्रश्न विचारायची पद्धतच नाही. बी शिफ्टच्या सुपरवायझरांनी माणूस पाठवा म्हणून लेबर कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, “एक नावाडी मोकलो, अर्जंट छे.” कॉन्ट्रॅक्टरही बहाद्दर. त्याने खानवेलच्या पुढून, दुधनीच्या तलावावरून, खराखुरा नावाडी आणला. सिक्युरिटीने गेटपास केला. तो बिचारा नारिंगी लाइफ जॅकेट काखेत मारून लाइन तीनपाशी उभा राहिला आणि विचारू लागला, पाणी कुठंय? नेमके त्याच दिवशी बाहेरून ऑडिटवाले आलेले.

दोन दिवस सगळी कंपनी पोट धरून हसली. मोठे साहेब हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाईंना केबिनमध्ये बोलावलं, आणि मला अन् देवजीलाही. फिटर दोघे कंत्राटी, एका फोनवर घरी गेले असते. त्यांची नावं भाईंनी सांगितलीच नाहीत.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. फाइल घरच्या लॅपटॉपवरूनसुद्धा पुसायची. कंपनीतल्या कुणाहीबरोबर हा खेळ पुन्हा खेळणार नाही, असं लिहून द्यायचं. नाहीतर राजीनामा.

भाईंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “चुकीची मेल गेली ती माझी चूक. त्याची माफी लिहून आणलीय, ही घ्या. त्या नावाड्याचीही मागून आलोय. पण रविवार कंपनीचा नाही, साहेब. तो मी लिहून देणार नाही, फाइल पुसणार नाही, आणि राजीनामाबी देणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा.”

“ठीक आहे. तुम्ही जा. मला या दोघांशी बोलायचंय.”

भाई खुर्चीतून हलले नाहीत.

“उठा म्हणतोय मी.”

“नाही उठणार. यांना काय विचारायचं ते माझ्यादेखत विचारा.”

मी देवजीकडे बघितलं. तो भाईंकडे बघत होता.

साहेबांनी मला विचारलं, “तुम्हीही यात आहात? या वयात?” खरं सांगते, मुलीचं कॉलेज, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण तोंडातून निघालं ते असं, “हो. मी जकातनाक्यावर असते.”

मग देवजीला. “तूही खेळतोस?”

“हो साहेब.”

“आता बंद करणार ना?”

“नाय साहेब.”

एवढंच. आवाज नेहमीचाच, खाली मान घालून बोलायचा तसाच. पण इतक्या वर्षांत त्या माणसाने कंपनीत उच्चारलेला तो पहिला नकार होता, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला. भाईंनी रुमाल काढला. या वेळी पुसायला समोर स्क्रीन नव्हती.

भाईंना त्या महिनाअखेरीला काढलं. मला ताकीदपत्र मिळालं, ते मी फ्रिजवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. देवजीला कायमची रात्रपाळी लावली. मला राग येतो. अजूनही येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. माणसाने एक चुकीची मेल केली हो! त्याबद्दल एखादी वेतनवाढ अडवा. पण आमचे रविवार मागणारे तुम्ही कोण?

भाई जळगावला एका डाळमिलमध्ये लागले. निघायच्या दिवशी आम्ही स्टँडवर गेलो. भाईंनी देवजीच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला आणि वर तो फासा.

“मला कॉम्प्युटर येत नाय, भाई.”

“जंगल येतं ना? बस्स मग. बटण ताई दाबतील.”

मी म्हटलं, “मी चौथा रकाना भरून टाकेन हां तुमच्या माघारी.”

“भरून दाखवा,” ते म्हणाले, आणि बसमध्ये चढले. खिडकीतून हात हलवण्याऐवजी त्यांनी काचेवर तळवा टेकवला.

त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं बिऱ्हाड आलंय. आम्ही माझ्याकडे जमतो. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ती फाइल उघडते, देवजी रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी गोष्ट सांगतो. काय सांगतो म्हणून विचारता! त्याच्या जंगलात नुसतं झाड कधीच नसतं, प्रत्येकाला नाव असतं. फिटर दोघे आहेत. मी नाक्यावर आहे. पाचवी खुर्ची तेवढी रिकामी होती.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात बी शिफ्टचे सुपरवायझर. हातात फरसाणाचा पुडा. मला वाटलं, झालं, आली कंपनी घरापर्यंत. मी दार अडवून उभी राहिले.

“बेन,” ते चपला काढता काढता म्हणाले, “तो नावाडी मीच मागवला होता. बिचाऱ्याला इथं काही कामच नाही मिळालं. खेळात त्याची जागा रिकामी आहे का?”

मी बाजूला झाले. ते पाचव्या खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या वाकून त्यांनी लॅपटॉपच्या त्या रिकाम्या रकान्याकडे बोट नेलं, “यात काय भरायचंय?”

देवजीने त्यांच्या बोटापुढे आख्खा तळवा स्क्रीनवर ठेवला.

“साहेब,” तो म्हणाला, “इथं हात लावायचा नाय.”

सुपरवायझरांनी हात मागे घेतला.