बाडावरचे नखांचे वण

कार्तिक शुद्ध द्वादशी, सकाळी साडेनऊ, गावच्या विठ्ठल मंदिराची ओसरी. हजर: देवस्थान समितीचे अध्यक्ष, हे माझे चुलत दीर. समितीचे सचिव, निवृत्त गुरुजी. काकड्यात पहिलं पद उचलणारे आबा, नात्याने माझे चुलत सासरे, वय ऐंशीच्या पुढे. दोन सदस्य, जे चहा येईपर्यंत बोलले नाहीत आणि चहा आल्यावरही नाहीत. आणि मी. विषय एकच: काकड्याचं जुनं बाड पौर्णिमेला कयाधू नदीच्या पाण्यात सोडायचं. बाड माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं, आणि ते द्यायचं नाही असं ठरवूनच मी घरून निघाले होते.

गाव माझं सासर. नोकरी हिंगोलीत, कॉलेजच्या ग्रंथालयात. सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएचडीला नाव नोंदवलं. काकड्यात गायल्या जाणाऱ्या जुन्या पदांची हस्तलिखितं, असा विषय. जाऊ म्हणाली, लेक लग्नाला आली अन् तू काहून दप्तर घेऊन राहिली. मी म्हटलं, दप्तर माझं आहे, लेकीचं नाही. तो विषय तिथे संपला.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज पहाटे काकडा होतो. देवाला उठवायची पदं गातात. माणसं दोन रांगांत समोरासमोर बसतात, एक रांग ओळ उचलते, दुसरी ती झेलते. पदं संतांची, कित्येक शतकांपूर्वीची. ती सगळीकडे छापलेली मिळतात, त्यामुळे माझे मार्गदर्शक सुरुवातीपासून म्हणत होते की यात नवं काय सापडणार. मला पदांपेक्षा वह्यांमध्ये रस होता. गावोगावच्या गाणाऱ्यांनी पाहून पाहून उतरवलेल्या वह्या. आमच्या गावची अशी वही म्हणजे हे बाड: लांबट, वरच्या कडेला शिवलेलं, पानं कॅलेंडरासारखी वर उलटायची. एकसष्ट पानं. शेवटचं पान गळालेलं, म्हणून कुणी आणि कधी लिहिलं ते कळायला मार्ग नाही.

दिवाळीच्या आधी समितीकडून रीतसर पोच देऊन मी बाड शिवणीला नेलं. त्याआधी त्याची यादी केली, कारण यादीशिवाय मी घरातलं पीठही दळायला देत नाही. पान क्रमांक, पदाची पहिली ओळ, शाई, डाग, फाटकं. चौतीस पानांवर मला बारीक अर्धगोल खड्डे दिसले, शाई नसलेले, कागदात दाबलेले. त्यापुढे मी लिहिलं: ‘नखाने ओरखडे, बहुधा लेकरांचा खेळ, पान खराब.’ यादीची एक प्रत सौजन्य म्हणून समितीला दिली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं सौजन्य.

हिंगोलीत ज्यांच्याकडे मी बाड दिलं ते चाचा पुस्तकं बांधणारे. त्यांचे वडील आणि आजोबाही हेच करायचे. जुम्म्याची नमाज आटोपून त्यांनी दुकान उघडलं तेव्हा मी पायरीवरच उभी होते. त्यांनी बाड उघडलं, चष्मा काढून ठेवला आणि पानावरून नुसता अंगठा फिरवला. मग मला हाक मारली.

“म्याडम, तुमी याला खराबी लिवलं?”

मी म्हटलं, व्हय.

“ही खराबी न्हाई. आमी घडी घालायच्या आधी कागदावर नखानं खूण करतो, बराबर तशी ही खूण हाय. लेकरू नख मारतं तर कुठंबी मारतं. हे पाहा, समदे ओळीच्या वरच हायेत.”

त्यांनी पान दाराशी नेलं आणि उन्हात तिरपं धरलं. खड्ड्यांना सावल्या पडल्या. प्रत्येक वण एखाद्या शब्दाच्या डोक्यावर होता. कुठे एक, कुठे जोडीने दोन. मी फोनवर काढलेले सगळे फोटो तिथेच उघडून पाहिले. समोरून प्रकाश टाकून काढलेले फोटो, एकातही वण दिसत नव्हता. म्हणजे फोटो आहेत, मग मूळ गेलं तरी चालेल, हे गृहीत तिथेच कोसळलं.

मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, शाई नाही म्हणजे लेखन नाही, लेखन नाही म्हणजे पुरावा नाही, कागदाच्या सुरकुत्यांवर प्रकरण उभं करू नका. मी वहीत त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि त्यापुढे ‘अमान्य’ असं लिहिलं.

तेवढ्यात समितीचा निरोप आला. काकड्याचं नवं पुस्तक छापून आलं होतं. गुरुजींनी वर्षभर बसून सगळी पदं तपासली, पुनरावृत्ती काढली, अक्षर मोठं ठेवलं. काम नेटकं होतं, मी ते नाकारत नाही. आता जुन्या बाडाचं काय, तर जीर्ण झालेली पोथी पाण्याला द्यायची, ही आमच्याकडची रीत. देवाच्या कागदाला वाळवी लागू द्यायची नाही, रद्दीत जाऊ द्यायचं नाही. आणि जीर्ण झाल्याचा पुरावा म्हणून ठरावाला जोडली होती माझी यादी, चौतीस पानं खराब, खाली माझी सही.

म्हणून द्वादशीची ती बैठक. चाचांनी बाड नव्या दोऱ्याने शिवून दिलं होतं. मी ते पिशवीतून काढलं आणि सांगितलं, माझी यादी चुकली आहे. त्या खुणा आहेत, ओळ कुठे तोडायची, कुठे दुसऱ्या रांगेने उचलायची याच्या असाव्यात, आणि त्या फक्त याच कागदावर आहेत.

दीर म्हणाले, “वहिनी, तुमचीच सही हाय ना?”

“माझीच आहे. तीच सही मी आज मागे घेते.”

“सही काय मागं घ्यायची गोष्ट हाय का? मंग तलाठ्यानंबी घेतली असती.”

दोन सदस्य हसले. गुरुजी मात्र दुखावले होते. त्यांना वाटलं मी त्यांच्या पुस्तकाला खोटं ठरवते आहे. खुणाबिणा असत्या तर एवढ्या वर्षांत मला दिसल्या नसत्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला दिसल्या आणि मी त्यांना ओरखडे म्हटलं, तेव्हा दिसणं पुरेसं नाही. मग मी आबांकडे वळले. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यासारखे आहेत. तरी ते रोज पहाटे बाड मांडीवर घेऊन बसायचे, पान उलटायचे आणि पानावर अंगठा ठेवायचे. आम्ही सगळे त्याला भक्ती समजत होतो. यंदा बाड शिवणीला गेल्यापासून त्यांच्या मांडीवर नवं पुस्तक होतं. मी पदर सावरला, बाड त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, आबा, कोणतंही पान उघडा आणि एक पद म्हणून दाखवा.

आबांनी बाड हातात घेतलं, शिवण चाचपली, आणि मिटून ठेवलं.

“आता? दहा वाजून राहिले, पोरी. देव उठला, त्याची आंघोळ झाली, निवद झाला. आता उठवायचं पद म्हणू तर त्याला काय पुन्हा निजवू का आधी?”

माझ्यासारख्या यादीवालीला हे सुचायला हवं होतं. काकड्याची पदं सूर्य वर आला की म्हणत नाहीत. मी पुराव्याची वेळ ठरवली होती, देवाची विचारलीच नव्हती. दिरांनी तेवढ्यावर बैठक संपवायचा बेत केला. मी म्हटलं, पहाटे येते, पौर्णिमेपर्यंत तीन काकडे बाकी आहेत. ते म्हणाले, या, पण पौर्णिमेला बाड पाण्यात. मी म्हटलं, ते पौर्णिमेला पाहू.

त्रयोदशीला पहाटे साडेचारला हिंगोलीहून स्कूटीवर निघाले. नरसीच्या रस्त्यावर थंडी हाडात शिरत होती. बायका काकड्याच्या रांगेत बसत नाहीत, त्या मागे खांबांपाशी बसतात. मी पहिल्या खांबापासून उठून सरळ आबांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. मागून कुजबूज झाली, पुढून कुणीतरी खाकरलं. मी उठले नाही. बाड आबांच्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे वही, पेन्सिल, छोटी बॅटरी. समोरच्या रांगेत नवी पोरं छापील पुस्तकं घेऊन बसली होती.

पहिलं पद आबांनी उचललं. त्यांचा अंगठा उजवीकडे सरकत गेला, वणावर आला, आणि आबा थांबले. नेमके तिथे. समोरून ओळ उचलली जायला हवी होती. पण गुरुजींच्या पुस्तकात दोनदा यायची ओळ एकदाच होती, आणि कुठे थांबायचं ते नव्हतंच. पोरं पुढची ओळ शोधत राहिली. मग आबाच म्हणाले, “काय रे, निजले का सगळे? देव जागा झाला अन् तुमी निजले.” हशा झाला आणि गाडी पुढे गेली. गुरुजी हसले नाहीत. ते त्यांच्या पुस्तकाकडे पाहत होते.

तीन पहाटांत खुणांची अकरा पानं गायली गेली. आठ पानांवर अंगठा जिथे थांबला तिथेच आवाज थांबला. तीन पानांवर नाही. ते मी लपवलं नाही, दिरांनाही सांगितलं. त्यांना वाटलं आता मी हरले. आबांना विचारलं तर ते चिडले: “ते माहे न्हाईत. ते मला शिकवणाऱ्या माह्या काकाच्याबी आधीच्या माणसाचे. त्याचं नख रुंद होतं, चाचपून पाहा. त्याची चाल आमी सोडली.”

मी चाचपून पाहिलं. खरंच रुंद होतं. म्हणजे बाडात निदान दोन माणसं होती, दोन चाली होत्या, एकीवर दुसरी. कुठेही शाईने न लिहिलेलं हे सगळं दोन बोटांच्या टोकात मावत होतं, आणि आम्ही त्याला नारळ वाहून नदीत सोडणार होतो.

पौर्णिमेच्या सकाळी काकडा आटोपला. ताटात हळदकुंकू, नारळ, नवं पांढरं फडकं. दिरांनी हात पुढे केला. गाव गोळा झालं होतं. सासरच्या माणसाला चारचौघांत नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.

मी म्हणाले, “नाही देणार, भाऊजी.”

“वस्तू देवाची हाय, वहिनी. तुमची न्हाई.”

“देवाची आहे म्हणूनच. माझी असती तर तुमचा मान राखला असता.”

“ठराव झाला हाय.”

“चुकीच्या यादीवर झालेला आहे. यादी माझी होती. चूक माझी, शिक्षा बाडाला नको.”

ते म्हणाले, जीर्ण झालेलं घरात ठेवणं दोष असतो. तेव्हा आबा पायरीवर बसल्या बसल्या बोलले.

“मंग मलाबी सोडा पाण्यात. म्या तर त्याच्याहून जीर्ण हाय. ताट मोठं आना फक्त.”

कुणीच हसलं नाही, कारण आबा विनोद करत नव्हते. गुरुजींनी पुढे येऊन ताटातलं पांढरं फडकं उचललं, बाडाभोवती गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. दिरांशी त्यांची तिथेच जुंपली. मी थांबले नाही. नारळ नदीला गेला, तेवढा मान रीतीला मिळाला.

आठवड्याने समितीचं पत्र आलं: बाड त्वरित परत करावे. मी उत्तर दिलं: खुणांची सर्व पानं वाचून झाल्यावर परत करीन, आणि परत म्हणजे मंदिराच्या कपाटात, पाण्यात नाही. मार्गदर्शकांनाही प्रबंधातल्या या प्रकरणाचं नाव कळवलं: ‘बाडावरचे नखांचे वण’. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. नाव बदलणार नाही, हेही मी कळवलं आहे. दीर आता रस्त्यात दिसले तर मान वळवतात. मी नमस्कार करते, त्यांनी पाहिला नाही तरी. जुनी यादी मी रद्द केली आणि नवी केली, त्यात ‘खराब’ हा शब्द एकाही पानापुढे नाही.

काम मात्र अर्ध्यावर आहे. अकरा पानं झाली, तेवीस राहिली. ती पदं काकड्याच्या महिन्यातल्या ठराविक तिथींची आहेत, आणि ती तिथी सोडून म्हणायला आबा तयार नाहीत. मी दोनदा जाऊन विचारलं. फोनवर नुसता आवाज भरून घेते, देवापुढे नाही, घरात, असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, कार्तिकात ये. त्यांच्या अंगठ्यानं वाचायला शिकेल असं दुसरं माणूस गावात शोधते आहे. पोरांपैकी कुणी हो म्हणालेलं नाही. आबांच्या छातीत कफ झाला आहे, सून काढे देते आहे. पान क्रमांक बारा ते चौदा, सतरा, एकोणीस, बावीस ते सव्वीस, आणि पुढची तेरा: वाचायची आहेत.