सरळ केलेला ट्रम्पेट

जॅझची एक जुनी रेकॉर्ड गेल्या वर्षी नव्याने निघाली आणि नगरच्या शिकल्यासवरलेल्या लोकांना एकाएकी कान उगवले. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या मोठ्या बँडची ती रेकॉर्ड. चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, मागे पियानो आणि ड्रम. त्या चार ट्रम्पेटवाल्यांपैकी एक आमचे मास्तर. तेव्हा जेमतेम विशीतले.

मास्तर आता नव्वदीला आलेत. नगरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत लेकीजवळ राहतात. हॉटेलांतले बँड बंद पडले तसे ते मुंबई सोडून परत आले, शाळेत गाणं शिकवलं आणि लग्नसराईत माझ्या बँडमध्ये वाजवलं. माझा बँड वरातीचा. कोल्हारला झांजा वाजवत मी सुरुवात केली. ट्रम्पेट ओठाला कसा लावायचा ते मास्तरांनी शिकवलं. आज माझा स्वतःचा बँड आहे, रोषणाईची गाडी आहे, आणि त्यात कुणाच्या बापाचा हात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी फक्त दारातला बँडवाला दिसलो.

ही रेकॉर्ड पुन्हा काढणाऱ्या कंपनीकडे मूळ टेप शिल्लक नव्हती. चांगल्या स्थितीतली जुनी तबकडी शोधत त्यांचा माणूस मास्तरांच्या दारात आला. मास्तर लगेच काढून द्यायला निघाले, वर चहा पण. मी म्हटलं, थांबा. नवरदेवाच्या मामाशी भर उन्हात घासाघीस करून माझं आयुष्य गेलं, हा एसीतला पोरगा काय चीज होता! मी सांगितलं, पैसे नकोत. तिसऱ्या गाण्यात मधे ट्रम्पेट एकटा वाजतो, तो यांचा. जुन्या कव्हरवर बँडच्या मालकाशिवाय कुणाचंच नाव नाही. नव्यावर यांचं छापायचं, आणि तबकडीला ओरखडा न पडता ती परत आणून द्यायची.

"काका, नावांना जागा नसते कव्हरवर," तो म्हणाला.

मी तबकडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. आठ दिवसांत जागा निघाली.

मास्तरांना नावाचं फारसं कौतुक नव्हतं. "ते अर्धं मिनिट पुन्हा लोकांच्या कानावर जाईल, तेवढं पुष्कळ," असं ते म्हणाले. ते अर्धं मिनिट म्हणजे काय ते सांगायला हवं. मास्तरांचे वडील चर्चमध्ये कीर्तन करायचे. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तन जुनंच आहे. झांजा, मृदंग, अभंग, सगळं. वडील ओळ उचलताना सूर एकदम पकडायचे नाहीत. खाली सोडायचे आणि हळूहळू ओढत वर आणायचे, विहिरीतून भरली बादली यावी तसे. पोरगेल्या मास्तरांनी ती ओढ ट्रम्पेटमध्ये आणली आणि मुंबईच्या हॉटेलात, नाचणाऱ्या साहेबलोकांसमोर वाजवली. बँडमालकाने शिव्या दिल्या, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, राहू द्या म्हणाला. मी तीस-चाळीस वर्षं ती ओढ काढायचा प्रयत्न केला. माझी बादली अर्ध्यातच सांडते.

नवी रेकॉर्ड आली, कव्हरवर मास्तरांचं नाव होतं, आणि जुनी तबकडीही परत आली. सावेडीतल्या एका दातांच्या डॉक्टरच्या घरी जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्यांचं मंडळ जमतं. त्यांनी रविवारी दुपारी ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला आणि मास्तरांना कलाकार म्हणून बोलावलं. कंपनीने मंडळाला अभिप्रायाचे छापील कागद पाठवले होते. पुढची खेप काढताना श्रोत्यांचं मत विचारात घेऊ, असं त्यावर होतं. मास्तर चर्चला घालतात तो कोट घालून तयार होते. मी गाडीतून घेऊन गेलो.

"बँडवाले, चपला जरा बाहेर काढाल?" डॉक्टर म्हणाले. आत गालिच्यावर चौघांचे बूट तसेच होते. मी चपला काढल्या. मास्तरांसाठी काढल्या.

पहिली दोन गाणी झाली. माना हलल्या, काजू खाल्ले गेले. तिसरं सुरू झालं. मास्तर पुढे सरकून बसले. ट्रम्पेट उठला आणि सूर पकडून सरळ उभा राहिला, पट्टीने रेघ मारावी तसा. खाली गेलाच नाही. घसरण नाही, ओढ नाही, काही नाही. मास्तरांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण वाजवतंय?"

गाणं संपल्यावर सगळ्यांनी मास्तरांकडे बघून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात जोडले. दुसऱ्याच्या घरी पाहुणा माणूस आणखी काय करणार?

मग कागद भरले गेले आणि डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचले. असलं काही मी लग्नातल्या आहेराच्या यादीतही ऐकलेलं नाही. एकाने लिहिलं होतं, रविवारच्या चहासोबत फार छान जातं. एकाने लिहिलं, आवाज उबदार आहे. उबदार! तो स्वेटर घ्यायला आला होता की काय? एका वकिलाने लिहिलं, पाश्चात्त्य संगीतात भावना कमी असते, पण शिस्त शिकण्यासारखी आहे. एकाने फक्त कव्हरच्या कागदाचं कौतुक केलं, तेही दोन्ही बाजू भरून. एकाला ड्रम जरा जास्त वाटले. वरातीतही प्रत्येक गल्लीत असा एक माणूस भेटतो, खिडकीतून सांगतो की ड्रम जास्त आहेत, आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नात आणखी एक ड्रम मागतो.

शेवटचा कागद कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचा. त्यांनी तो स्वतः उभं राहून वाचला. "तिसऱ्या गाण्यात मूळ टेप हेलकावे खात होती. त्यामुळे ट्रम्पेट बेसूर व्हायचा. मी नेटवर जुनं ऐकलंय. कंपनीने तो दोष कॉम्प्युटरने काढून टाकला. सत्तर वर्षांनी ट्रम्पेट सुरात आला, हे या आवृत्तीचं खरं यश."

माना हलल्या. "अगदी बरोबर." "केवढा फरक पडलाय!" मास्तर मांडीवरच्या हातांकडे बघत बसले.

माझं डोकं तापायला एवढं लागत नाही. मी उठलो. "प्राध्यापकसाहेब, टेप हेलकावे खात होती ना? मग मागचा पियानो का हलला नाही? टेप वाकडी झाली तर तिच्यावरचं सगळंच वाकडं होणार. एकटा ट्रम्पेट खाली गेला, कारण वाजवणाऱ्याने तो खाली नेला. हा माणूस इथं बसलाय. विचारा की!"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "तुमचा अनुभव मोठा आहे, पण वरातीचं संगीत वेगळं. हा जॅझ आहे."

"जुनी तबकडी गाडीत हाय. लावा."

"तिच्यावर धूळ, ओरखडे. माझी सुई खराब होईल हो. परदेशातून मागवलीय."

इथे मी नेहमीच्या कामाला लागलो. म्हटलं, सुई बिघडली तर नवी मी आणून देतो, आत्ता सगळ्यांदेखत लिहून देतो. डॉक्टर म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही. मी म्हटलं, मग तर काहीच प्रश्न नाही, लावा. ते म्हणाले, वेळ झाला. मी म्हटलं, काजू अजून आहेत. वकील हसले. शेवटी डॉक्टर म्हणाले, फक्त तिसरं गाणं. मी म्हटलं, मला तेवढंच पाहिजे.

लावलं. खरखर होती, नाही म्हणत नाही. पण ट्रम्पेट आला, खाली गेला, क्षणभर लोंबकळला, आणि भरली बादली यावी तसा वर आला. मास्तरांचे डोळे मिटलेले. ओठ पुढे येऊन हलत होते.

गाणं संपलं. मला वाटलं, जिंकलो.

"गंमत आहे," वकील म्हणाले. "पण नवीन बरं वाटतं. डोळे मिटून निवांत ऐकता येतं."

"हो ना, यात जरा दचकायला होतं," दुसरे कुणी म्हणाले.

एक बाई अगदी मायेने पुढे झुकल्या. "सर, रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्हाला बरं नव्हतं का?"

"ठणठणीत होतो, बाई," मास्तर म्हणाले.

कुणीही आपला कागद बदलला नाही. एका तरुण मुलीचा कागद मात्र अजून कोरा होता, तिने जुनं चांगलं असं लिहिलं. प्राध्यापकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने परीक्षेत कॉपी केली. निघताना मी डॉक्टरांना म्हटलं, कागद माझ्याकडे द्या, कंपनीशी व्यवहार माझाच आहे, मी पाठवतो. त्यांना कुरियरचा व्याप वाचला, त्यांनी गठ्ठा दिला. माझ्या डोक्यात काय आहे ते दाताच्या डॉक्टरला कळण्यासारखं नव्हतं.

गाडीत मी त्या सगळ्यांचा उद्धार करत होतो. मास्तरांनी आधी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "तू पण सांगायचासच की."

"मी? काय?"

"अकोल्याच्या त्या लग्नात. मास्तर, सरळ वाजवा, पोरांचे पाय अडखळतात. एकदा नाही, त्या अख्ख्या सीझनला."

खरं होतं ते. एवढंच म्हणतो की मी तोंडावर सांगायचो. वाजवलेलं मागाहून खोडायला कॉम्प्युटरवर बसलो नव्हतो. पण हे त्यांना म्हणालो नाही.

घरी पोहोचल्यावर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी गठ्ठा सोडला आणि दोन ढीग करायला लागलो. नवं आवडलेले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. दुसरीकडे एकच कागद होता, त्या मुलीचा. पण कोरे कागद पुष्कळ उरले होते, आणि माझ्या बँडमध्ये लिहिता येणारी माणसंही पुष्कळ आहेत.

"काय करतोस?" मास्तर कोट काढत म्हणाले.

"खडे निवडतोय."

त्यांनी दोन्ही ढीग पाहिले आणि एकत्र केले. "सगळे पाठव. ज्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. त्यांनी लबाडी केलेली नाही."

"मास्तर, हे कागद गेले तर तुमची ओढ गेली. कायमची. पुढच्या खेपेतही तो पट्टीने मारलेला सूरच येणार."

"कळतंय मला. एक कोरा दे इकडे."

चष्मा लावून त्यांनी शाळामास्तरी वळणदार अक्षरात लिहिलं, मग माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं: तिसऱ्या गाण्यातला ट्रम्पेट स्वच्छ आणि सुरात आहे. परंतु ते वादन माझे नाही. पुढील खेपेत माझे वादन होते तसे ठेवावे. ते जमत नसल्यास माझे नाव काढावे.

"नाव काढावे?" मी ओरडलोच. आतून लेक बाहेर आली. "अहो, त्या नावासाठी मी आठ दिवस कंपनीच्या माणसाला झुलवलं! नाव राहू द्या. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"सत्तर वर्षं कुठं नव्हतं नाव. आता आलंय तर..."

"तुझ्या गाडीवरची पाटी दुसऱ्या बँडने लावली तर चालेल तुला?" मास्तर म्हणाले. "मग त्या सरळ वाजवणाऱ्या पोराच्या वाजवण्यावर माझी कशाला?"

"पोरगा कुठला? कॉम्प्युटर हाय तो!"

"कोण का असेना."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे केलेत. समोरच्याला काहीच नको असेल तर सौदा होत नाही, हे मला त्या टेबलावर कळलं आणि त्याचा मला अजून राग आहे. दुसऱ्या दिवशी मी सगळे कागद पाठवले, वर मास्तरांचा.

कंपनीचं उत्तर गुळगुळीत होतं. बहुसंख्य श्रोत्यांना नवा आवाज पसंत पडल्याने तो कायम ठेवत आहोत. आपल्या इच्छेचा आदर करून नाव वगळत आहोत. माझ्याशी आठ दिवस हुज्जत घालणाऱ्यांनी हा आदर एका ओळीत उरकला.

दुसऱ्या खेपेची रेकॉर्ड आली ती मी मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी कव्हर पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बारीक अक्षरांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. मग लेकीला म्हणाले, लाव. तिसऱ्या गाण्याला ते आरामात मागे टेकून बसले, आणि ट्रम्पेट वाजून गेल्यावर मला म्हणाले, "चांगला वाजवतो रे हा पोरगा. पण शिकवायला कुणी मिळालेलं दिसत नाही."